अण्णा गेल्यानंतरचे कागद : मोनोंगाहेलाकाठ ते तासगाव

माझे सासरे ७ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री गेले. वय ७९. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही. पश्चिम पेनसिल्व्हेनियात, मोनोंगाहेला नदीकाठच्या एका लहान गावात त्यांनी १९७८ पासून डॉक्टरकी केली. गेली काही वर्षं आठवड्यातून दोनच सकाळी बसत, पण बसत. त्यामुळे त्यांच्या मागे कामांचे तीन ढीग उरले: माणूस गेल्यावर कुणाच्याही घरी असतात ते, डॉक्टर गेल्यावरचे, आणि सांगली जिल्ह्यातले. माझा नवरा इथे जन्मलेला. मराठी छान बोलतो, पण सातबारा वाचायचा म्हटलं की माझ्याकडे बघतो. मी मूळची सांगलीची, त्यामुळे तिसरा ढीग आपोआप माझ्याकडे आला आणि हळूहळू बाकीचे दोनही. दुसऱ्या ढिगाबद्दल मराठीत मला काहीच वाचायला मिळालं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. अमेरिकेतले नियम राज्यागणिक बदलतात. इथे आहे ते पेनसिल्व्हेनियाचं आणि आमच्या वेळचं.

हॉस्पिटलमधल्या नर्सने डोळे पुसायला कागद दिला आणि पाचेक मिनिटांनी हळूच विचारलं, "फ्युनरल होम कुठलं?" आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. अण्णांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरच्यांना हाच प्रश्न विचारलेला, पण स्वतःचं उत्तर त्यांनी कुणालाच सांगून ठेवलेलं नव्हतं. शेवटी सासूबाईंनी गावातल्या त्यांच्या एका जुन्या पेशंटच्या फ्युनरल होमचं नाव घेतलं. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी एक नाव आणि फोन नंबर आधीच लिहून ठेवावा. अमेरिकेत केंद्र सरकारचा नियम आहे की फ्युनरल होमने फोनवरही दर सांगायचे आणि प्रत्यक्ष गेलात की छापील दरपत्रक हातात द्यायचं. दहनासाठी पेटी विकत घ्यायची सक्ती कुणी करू शकत नाही, साधं लाकडी किंवा पुठ्ठ्याचं खोकं चालतं. अंत्यदर्शनासाठी आम्ही पेटी भाड्याने घेतली. दहन, दर्शन, गाडी सगळं धरून चार हजार डॉलरच्या जरा वर गेलं.

सोमवारी ९ तारखेला कोलंबस डेची सुट्टी. इथे मृत्यूनंतर २४ तास होईपर्यंत दहन करता येत नाही आणि काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) कॉरोनरची, मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याची, परवानगीही लागते, त्यामुळे बुधवार उजाडला. "आपल्याकडे रात्रीत उरकतात, मग इथे एवढं थांबायचं कशाला?" असं फोनवर विचारणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला हे पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. मधल्या काळात फ्युनरल होमच्या माणसाने विचारलं, पेसमेकर आहे का? होता. तो आधी काढावा लागतो, कारण त्याची बॅटरी भट्टीत फुटते. अशा प्रश्नांना कुणीतरी एकानेच उत्तर द्यायचं ठरवा, आणि ते सासूबाईंनी नसावं.

गुरुजी पिट्सबर्गजवळच्या पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिराच्या ओळखीतून मिळाले. पितृपक्ष चालू होता. तिथी भारताच्या घड्याळाने धरायची की इथल्या, यावर पुण्याची मावशी आणि गुरुजी यांचं फोनवर बराच वेळ चाललं. गुरुजी म्हणाले, देह जिथे ठेवला तिथला सूर्य. भाद्रपद वद्य नवमी ठरली. दहनगृहात तुळशीपत्र, काळे तीळ, गंगाजल चालतं, फक्त तूप, कापूर किती ते आधी विचारून घ्यावं लागतं. शेवटी बटण नवऱ्याने आणि नणंदेने मिळून दाबलं. नणंद कॅलिफोर्नियाहून येऊन पोचली होती.

मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म भरताना पहिल्यांदा अडलो. त्यात मृताचं शिक्षण, आयुष्यभराचा व्यवसाय, वडिलांचं नाव आणि आईचं लग्नाआधीचं नाव लागतं. अण्णांच्या आईंचं माहेरचं आडनाव इथे कुणाला ठाऊक नव्हतं. रात्री सांगलीला नवऱ्याच्या आत्यांना फोन लावला. त्या ऐंशीच्या पुढच्या. आडनाव तर सांगितलंच, वर त्या घराच्या विहिरीत मामा कसा पडला होता तेही. दुसरा गोंधळ जन्मतारखेचा. कागदोपत्री १ जून १९४४. त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस शाळामास्तरांनी १ जूनला ठरवलेला आहे! आत्यांच्या मते अण्णा पोळ्याच्या आसपासचे. अशा वेळी खऱ्याखोट्याच्या वादात न पडता पासपोर्टवर जे आहे तेच लिहायचं. एका कागदावर तारीख वेगळी पडली की पुढचे सगळे कागद अडतात.

इथे दाखल्याची प्रमाणित प्रत २० डॉलरला एक. आम्ही डझनभर घेतल्या आणि त्या पुरल्या. आयुर्विमा, कोर्ट, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का) आणि भारतातली बँक यांना अस्सल प्रत लागते. फोन कंपनी, क्रेडिट कार्ड यांना स्कॅन चालतो, ते अस्सल मागतात तेव्हा एकदा "स्कॅन चालेल का" विचारून पाहा. सोशल सिक्युरिटीला, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शन खात्याला, फ्युनरल होमच कळवतं. माणूस ज्या महिन्यात जातो त्या महिन्याचं पेन्शन देय नसतं, आणि दर महिन्याचं पेन्शन पुढच्या महिन्यात जमा होतं. म्हणून नोव्हेंबरात आलेली रक्कम खात्यात तशीच ठेवली, ती सरकारने परत घेतली. जोडीदाराला एकरकमी २५५ डॉलर मिळतात. सासूबाईंनी तो आकडा दोनदा विचारून घेतला आणि त्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

मृत्यूलेख

इथल्या पेपरात मृत्यूलेख घरच्यांनी लिहायचा असतो आणि ओळींवर पैसे मोजायचे असतात. आमचे फोटोसकट सहाशे डॉलर झाले. फ्युनरल होमच्या संकेतस्थळावर तोच लेख कितीही मोठा फुकट जातो, त्यामुळे पेपरात छोटा आणि तिथे मोठा, असं करा. त्यात पूर्ण जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, घराचा पत्ता घालू नका. गेलेल्या माणसाच्या नावावर कर्ज काढणारे लोक हेच लेख वाचत बसलेले असतात, आणि पत्ता दिला की शोकसभेच्या वेळी घर रिकामं आहे हे चोरालाही कळतं.

पण लिहायचं काय? नवऱ्याने पहिला मसुदा केला त्यात नुसती विशेषणं होती. प्रेमळ, निष्ठावान, कर्तव्यदक्ष. नणंदेने तो वाचला आणि म्हणाली, "हा कुठल्याही डॉक्टरचा आहे. माझ्या ग्रॅज्युएशनच्या जेवणातून उठून गेले होते ते. निष्ठावान कुणाशी?" थोडी बाचाबाची झाली. मग मी तळघरातली पत्र्याची ट्रंक वर आणली.

त्या ट्रंकेतून आम्ही आयुष्याच्या तारखा लावत गेलो. तासगाव तालुक्यातलं गाव. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात इंटर सायन्स. १९६२ साली मिरजेचं मेडिकल कॉलेज सुरू झालं, त्या पहिल्याच तुकडीत अण्णा. शिवाजी विद्यापीठही त्याच वर्षीचं, त्यामुळे त्यांच्या पदवीवरचं सगळंच नवंकोरं होतं. मग एक कागद निघाला तो कोलंबोचा. अमेरिकेत काम करायचं तर परदेशी डॉक्टरांना ईसीएफएमजीची परीक्षा द्यावी लागे, आणि डॉक्टर देशाबाहेर जातात म्हणून भारत सरकार ती परीक्षा भारतात होऊ देत नव्हतं. म्हणून पोरं श्रीलंकेला जाऊन द्यायची. माझ्या नवऱ्याला, स्वतःच्या मुलाला, हे माहीत नव्हतं. बाहेरून येऊन स्थायिक होणाऱ्यांसाठीचा देशागणिक कोट्याचा कायदा अमेरिकेने १९६५ साली मोडला नसता तर त्या परीक्षेचा उपयोगही झाला नसता. अण्णा १९७१ मध्ये न्यूयॉर्कला उतरले ते खिशात ८ डॉलर घेऊन. परकीय चलन तेवढंच मिळे. ही गोष्ट मात्र घरात सगळ्यांना पाठ होती, कारण मुलं बूट मागायला लागली की ती निघायची.

ब्रुकलिनमध्ये इंटर्नशिप आणि रेसिडेन्सी. १९७३ ला मिरजेत लग्न. मग १९७८ ला या नदीकाठी, कारण इथे डॉक्टर यायला तयार नव्हते. कोळशाच्या खाणी, पोलादाचे कारखाने, पोलिश आणि स्लोव्हाक वस्ती. पुढच्या आठ वर्षांत कारखाने बंद पडत गेले, होमस्टेडचा अजस्र कारखानासुद्धा १९८६ ला बंद झाला. गावातले दोन डॉक्टर उठून गेले. अण्णा राहिले. का राहिले हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मी या लेखात ते माझ्या मनाने घालणार नाही.

खाणकामगारांना कोळशाच्या धुळीने फुप्फुसाचा आजार होतो, इथे त्याला 'ब्लॅक लंग' म्हणतात. १९६९ च्या खाण कायद्यापासून त्यासाठी केंद्र सरकारचं निर्वाहवेतन आहे, पण ते मिळवायला छातीचा एक्स-रे, श्वासाची चाचणी, रक्तातल्या ऑक्सिजनची तपासणी आणि डॉक्टरचा लांबलचक अहवाल लागतो. दावे वर्षानुवर्षं चालतात, नाकारले जातात, पुन्हा लढावे लागतात. अण्णा हे अहवाल रविवारी जेवणाच्या टेबलावर बसून लिहायचे. नणंदेला ते आठवत होतं. तिला हेही आठवत होतं की रोज संध्याकाळी साडेसहाला ते घरी जेवायला यायचे, आठला पुन्हा हॉस्पिटलात राउंडला जायचे, आणि त्या दीड तासात फोन आईने उचलायचा असा नियम होता.

शेवटी लेखातली विशेषणं गेली. साडेसहाचं जेवण राहिलं, रविवारचे अहवाल राहिले, कोलंबो राहिलं. ग्रॅज्युएशनचं जेवणही राहिलं, नणंदेच्याच आग्रहाने, एका ओळीत.

मराठी निधनवार्ता नात्यातल्या एका दिराने सांगलीच्या दैनिकाच्या वार्ताहराकडे दिली. फुकट छापून आली. "त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, मुलगी, सून, जावई, नातवंडे असा परिवार आहे." आठ ओळी. आत्यांनी ते कात्रण प्लॅस्टिकमध्ये घालून देवघराशेजारी लावलं.

शोकसभा २८ ऑक्टोबरला शनिवारी गावच्या फायर हॉलमध्ये झाली. इथे लग्नापासून बारशापर्यंत सगळं स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या हॉलमध्येच होतं. भाडं त्यांनी घेतलं नाही. बायका घरून पिरोगी (पोलिश पद्धतीच्या सारण भरलेल्या करंज्या) आणि कुकी घेऊन आल्या, आम्ही बटाटेवडे केले. बोलायला माईक ठेवला होता. एक गृहस्थ माईकवर येऊन एवढंच म्हणाले की १९८४ ला माझा विमा गेला तेव्हापासून डॉक्टरांनी मला बिल पाठवलं नाही, आणि मी हरणाचं मांस पाठवायचो, ते शाकाहारी आहेत हे मला आत्ता या वड्यांवरून कळतंय. सासूबाई म्हणाल्या, ते मांस आम्ही शेजाऱ्यांना द्यायचो, हे त्याला सांगू नका.

दवाखाना

हे काम खरं तर पहिल्या आठवड्यातच सुरू करावं लागतं. पेशंट थांबत नाहीत. रक्तदाबाची गोळी संपत आलेला माणूस तेरावा होईपर्यंत वाट पाहू शकत नाही. डॉक्टर गेल्यावर त्यांच्या नावावरचे उरलेले रीफिल (त्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध घेणं) चालतीलच असं धरून चालू नका. आम्ही सोमवारीच, सुट्टी असूनही, गावातल्या फार्मासिस्टला घरी फोन केला. त्यांनी यादी काढली आणि शेजारच्या गावातल्या एका डॉक्टरीणबाईंनी ज्यांचं औषध तातडीचं होतं त्यांना आधी बघितलं. दवाखान्याच्या फोनवर नवा निरोप रेकॉर्ड केला, दारावर कागद लावला, गेल्या काही वर्षांतल्या पेशंटांना पत्रं पाठवली आणि पेपरात जाहिरात दिली. पत्रात तीन गोष्टी हव्यात: डॉक्टर गेले, तुमचे कागद अमुक यांच्याकडे आहेत, ते हवे असतील तर असं मागा.

मग सरकारी बाजू. नियंत्रित औषधं लिहिण्यासाठीची डीईएची, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्याची, नोंदणी डॉक्टरच्या मृत्यूबरोबर संपते, पण त्यांना लेखी कळवायचं. राज्याच्या वैद्यकीय मंडळाला परवान्यासाठी, मेडिकेअरला (वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा), आणि राष्ट्रीय ओळख क्रमांक बंद करण्यासाठी वेगळा फॉर्म. प्रिस्क्रिप्शनची कोरी पॅडं त्याच दिवशी कुलपात घाला आणि मग नष्ट करा, ती चोरांच्या दृष्टीने पैशाइतकीच मोलाची असतात. दवाखान्यातली नमुन्याची औषधं मोजून, यादी करून विल्हेवाटीला द्या. वैद्यकीय चुकीच्या दाव्यांपासून संरक्षण देणारा जो विमा असतो, त्याच्या कंपनीला लगेच फोन करा. पॉलिसी चालू असताना आलेल्याच दाव्यांना संरक्षण देणारा प्रकार असेल तर मृत्यूनंतर येणाऱ्या दाव्यांसाठी वेगळं संरक्षण लागतं, इथे त्याला 'टेल' म्हणतात. डॉक्टर गेल्यावर अनेक कंपन्या ते फुकट देतात, आमच्या कंपनीनेही दिलं, पण मागावं लागलं.

सगळ्यात अवघड होते पेशंटचे कागद. पेनसिल्व्हेनियात प्रौढ पेशंटचे कागद शेवटच्या भेटीपासून किमान ७ वर्षं ठेवावे लागतात, मुलांचे त्याहून जास्त. गुप्ततेचा 'हिपा' कायदा तर पेशंटच्या मृत्यूनंतरही ५० वर्षं लागू असतो. म्हणजे आम्ही घरचे लोक ते कागद उघडून वाचायला मोकळे नाही, आणि गाडीत घालून घरी आणून ठेवायलाही नाही. शोकसभेनंतर एका बाईने तिच्या वडिलांबद्दल अण्णांनी फायलीत काय लिहिलंय ते बघून सांगाल का, असं विचारलं. तिला रीतसर अर्ज करायला सांगताना फार कोरडं वाटलं, पण दुसरा मार्ग नाही. शेजारच्या त्याच डॉक्टरीणबाईंनी अभिरक्षक व्हायचं, म्हणजे कागद सांभाळायचं, कबूल केलं. वकिलाकडून करार करून घेतला: कागद कुठे राहतील, किती वर्षं, प्रत मागितली तर किती दिवसांत, भाडं कोण भरेल. त्या कराराला साडेचारशे डॉलर लागले आणि मला वाटतं सगळ्या खर्चात तो सर्वांत सत्कारणी लागला.

अण्णांचं एक कपाट वेगळं होतं, हिरवं, लोखंडी. त्यात फक्त खाणकामगारांच्या फायली, १९७८ पासूनच्या. कायद्याने त्यातल्या बहुतेक कधीच नष्ट करता आल्या असत्या. दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्ट बाई, ज्या अण्णांबरोबर तीस वर्षं होत्या, म्हणाल्या, "डॉक्टरांनी मला बजावलंय, याला हात लावायचा नाही." आम्ही करारात ते कपाट वेगळं कलम घालून लिहिलं.

कोर्टाचं काम त्या मानाने सरळ. मृत्युपत्र काउंटीच्या रजिस्टर ऑफ विल्सकडे दाखल केलं, नवऱ्याला व्यवस्थापक नेमलं, त्याची 'शॉर्ट सर्टिफिकेट' नावाची प्रमाणपत्रं घेतली. बँका तीच मागतात. सलग तीन आठवडे एका पेपरात आणि काउंटीच्या कायदा-पत्रिकेत जाहिरात. या राज्यात वारसाकर आहे: पत्नीला शून्य, मुलांना साडेचार टक्के. नऊ महिन्यांची मुदत असते, पण तीन महिन्यांच्या आत भरला तर पाच टक्के सूट. मृत्युपत्रात दवाखान्याची इमारत दोन मुलांच्या नावे केलेली होती म्हणून तेवढाच कर बसला, तो डिसेंबरातच भरला. भारतातली जमीन या करात धरत नाहीत.

अस्थी आणि अपोस्टिल

अस्थी फ्युनरल होमने जानेवारीपर्यंत सांभाळल्या. घरात ठेवायला सासूबाईंची तयारी नव्हती. आमचा भाग न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे येतो. अस्थी नेण्यासाठी त्यांच्याकडून ना-हरकत पत्र घेतलं: मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, अण्णांचा पासपोर्ट, नेणाऱ्याचा पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते कार्ड). कागदांची यादी बदलत असते, निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. पेटी धातूची घेऊ नका. विमानतळावर सुरक्षा तपासणी करणारी सरकारी संस्था, टीएसए, पेटी उघडत नाही, तुम्ही विनंती केलीत तरी नाही. एक्स-रेमध्ये आतलं दिसलं नाही तर पेटी पुढे जात नाही. आम्ही पातळ लाकडाची घेतली आणि हातातल्या बॅगेत ठेवली. मुंबईला कस्टममध्ये कागद दाखवायची वेळ आली नाही, पण ते वरच्या कप्प्यात होते.

त्याच दरम्यान मृत्यूच्या दाखल्याला अपोस्टिल करून घेतलं. हॅरिसबर्गला राज्याच्या कार्यालयात, दर कागदाला १५ डॉलर. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे अपोस्टिल असलेला कागद भारतात दूतावासाच्या शिक्क्याशिवाय चालायला हवा. सासूबाईंचं आणि नणंदेचं दिराच्या नावे मुखत्यारपत्रही नोटरी करून अपोस्टिल केलं. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. ही तारीख पाकिटावरच लिहून ठेवा.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने मिरज. अस्थी हरिपूरला संगमावर सोडल्या, जिथे वारणा कृष्णेला मिळते. अमेरिकेत दहनानंतर हाडं दळून बारीक करतात, त्यामुळे पिशवी उघडल्यावर घाटावरचे भटजी जरा थबकले. "हे तर सगळं भस्मच की हो." आत एक धातूची चकती असते, त्यावर दहनाचा क्रमांक असतो. ती आधी काढून घ्या.

संध्याकाळी अण्णांच्या तुकडीतले एक डॉक्टर घरी आले. कोलंबोचा विषय मीच काढला. म्हणाले, रेल्वेने रामेश्वरम, तिथून बोटीने तलैमन्नार, पुन्हा रेल्वे. दोघे बरोबर गेले होते. यांच्याकडे परीक्षेची फी होती, अण्णांकडे भाड्याचे पैसे. एकमेकांचं भरलं. हे पास झाले नाहीत, मिरजेतच राहिले. "तो मला दर १ जूनला फोन करायचा. म्हणायचा, आज आपल्या दोघांचाही खोटा वाढदिवस." सासूबाईंनाही हे नवीन होतं.

वारसनोंदीचा अर्ज दिराने डिसेंबरातच महसूल खात्याच्या ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवर भरला होता, कारण वारसाहक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. तलाठी तरुण होता, सभ्य होता, पण अपोस्टिल त्याने पहिल्यांदाच पाहिलं. "ग्रामपंचायतीचा दाखला नाही का?" नाही, मृत्यू जिथे झाला तिथलाच दाखला चालतो, ग्रामपंचायत अमेरिकेतल्या मृत्यूची नोंद करू शकत नाही. मी अपोस्टिलची माहिती मराठीत छापून नेली होती, सोबत दाखल्याचं मराठी भाषांतर नोटरी करून. त्याने ते वाचलं, मंडळ अधिकाऱ्यांना फोन लावला आणि म्हणाला, घेतो. तेव्हा १०० रुपयांच्या स्टॅम्पवर सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र, पोलीस पाटलांसमोर चौकशी, नमुना ६-क ला वारसांची नोंद, मग फेरफार आणि पंधरा दिवसांची नोटीस. हरकत आली नाही. मार्चमध्ये मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला, सातबाऱ्यावर सासूबाई, नवरा आणि नणंद अशी तीन नावं लागली. परदेशी नागरिक झालेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने मिळू शकते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. सध्या दीर द्राक्षं लावतो आहे, तसंच चालू ठेवायचं ठरलंय. बँकेतल्या एनआरओ खात्याला (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातलं रुपयांचं खातं) सासूबाई नॉमिनी होत्या, ते एका फेरीत झालं. नॉमिनी लावून ठेवा, यापलीकडे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

जून २०२४ मध्ये डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून फोन आला. एका खाणकामगाराची विधवा आली होती. नवरा ब्लॅक लंगने गेला असं तिचं म्हणणं, आणि तिला स्वतःच्या निर्वाहवेतनाच्या दाव्यासाठी जुने एक्स-रे अहवाल हवे होते. तिच्या वकिलाकडे काहीच नव्हतं, तपासण्या केलेलं हॉस्पिटल कधीच बंद झालेलं. तिने आधी कोर्टाकडून नवऱ्याची प्रतिनिधी असल्याचा कागद आणला, त्याशिवाय फाइल देता येत नाही. मग हिरवं कपाट उघडलं. १९८१ पासूनचे अहवाल होते, अण्णांच्या हस्ताक्षरात, प्रत्येक पानावर तारीख. प्रती काढून तिला पोच घेऊन दिल्या. तिचा दावा अजून चालू आहे. त्या कपाटाच्या जागेचं भाडं महिना ४० डॉलर पडतं, ते आम्ही देतो, आणि सात वर्षं झाल्यावरही ते हलवायचं नाही असं करारात लिहिलेलं आहे.